नकाशात पार्किंग, जागेवर शटर : व्यापारी संकुलांच्या अटी कागदावरच राहणार का?

मेहकर : गावात नवीन व्यापारी संकुल उभे राहणार म्हटले की पहिली चर्चा गाळ्याच्या भावाची होते. तळमजल्याचा गाळा कितीला, वरचा कितीला, कोणती बँक येणार, कोणी किती बुक केले. नगर परिषदेने त्या इमारतीला परवानगी देताना कोणत्या अटी घातल्या, हे मात्र कोणी विचारत नाही. परवानगीच्या पत्राला जोडलेले दोन-तीन पानांचे कलमवार टिपण फाईलमध्ये पडून राहते. इमारत उठते, नारळ फुटतो, दुकाने सुरू होतात. मग गाड्या रस्त्यावर लागतात, पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाते आणि सगळे म्हणतात, नगर परिषद काय झोपली होती का?

हा विषय आत्ता घेण्याला कारण आहे. जवळपास चार वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. बुलडाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, चिखली, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा धरून अकरा नगर परिषदा आहेत. प्रचारात रस्ते, पाणी, नाल्या यावर भरपूर बोलले गेले. बांधकाम परवानगीच्या अटींवर बोलणारा उमेदवार क्वचितच दिसला असेल. आणि पुढच्या पाच वर्षांत बाजारपेठेची जी अवस्था होईल ती मुख्यतः याच कागदावर ठरणार आहे.

अटी येतात कुठून?

बऱ्याच जणांचा समज असा की अटी म्हणजे साहेबाच्या मनाचा कारभार. तसे नाही. मुंबई आणि काही वेगळी क्षेत्रे सोडली तर राज्यभर २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. नागपूरची महापालिका असो की मेहकरची नगर परिषद, पुस्तक एकच. त्याच्या मागे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा मूळ कायदा. कलम ४४ खाली अर्ज करायचा, कलम ४५ खाली मंजुरी किंवा नकार द्यायचा. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते, पण बांधकाम पूर्णपणे नियमात बसत असेल तरच. हे 'तरच' विसरून बांधकाम रेटणारे पुढे अडकतात.

व्यापारी इमारतीच्या परवानगीत साधारण ज्या अटी असतात त्या अशा : चारी बाजूंनी सोडायची मोकळी जागा, चटई क्षेत्राची मर्यादा, वाहनतळ, जिन्याची रुंदी आणि संख्या, आगीपासून बचावाची व्यवस्था, महिला व पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहे, अपंगांसाठी उतार, सांडपाणी व पावसाच्या पाण्याची सोय, कचऱ्याची सोय. भूखंड ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर पावसाचे पाणी जिरवण्याची व्यवस्था सक्तीची.

अपंगांच्या उताराबद्दल तर केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४४ सांगते की नकाशात सुगम्यतेची सोय नसेल तर बांधकामाला परवानगी द्यायची नाही आणि प्रत्यक्षात केली नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. आता आपल्या तालुक्याच्या बाजारात फिरून बघा. रस्त्यापासून दुकानात जायला तीन-चार पायऱ्या, कठडा नाही, उतार नाही. डोणगावहून आलेल्या म्हाताऱ्या बाईला कृषी केंद्रात चढायचे तर पोराचा खांदा धरावा लागतो. तिच्यासाठी स्वच्छतागृह असते नकाशात. जागेवर गेले तर कुलूप, नाहीतर त्याचे गोदाम झालेले.

पार्किंगचा साधा हिशेब

सगळ्यात जास्त मोडली जाणारी अट वाहनतळाची. ती का मोडते हे कळायला मोठे शिक्षण लागत नाही, फूटपट्टी पुरते.

नियमाप्रमाणे एका दुचाकीला १ मीटर बाय २ मीटर जागा धरतात. म्हणजे २ चौरस मीटर, साधारण साडेएकवीस चौरस फूट. चारचाकीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, जवळपास १३५ चौरस फूट. गाडी वळवायची जागा यात धरलेली नाही. आपल्याकडे दहा बाय पंधराचा गाळा म्हणजे १५० चौरस फूट. एका चारचाकीची जागा म्हणजे जवळजवळ एक गाळा! दहा दुचाकींची जागा म्हणजे २१५ चौरस फूट, दीड गाळा.

बांधणाऱ्याच्या दृष्टीने बघा. तळमजल्यावर गाड्या उभ्या राहिल्या तर रुपया मिळत नाही. तीच जागा शटर लावून विकली तर सोने. त्यामुळे नकाशा मंजूर होईपर्यंत तळमजल्यावर वाहनतळ असतो. स्लॅब पडला, एक पावसाळा गेला की खांबांच्या मध्ये विटा चढतात. अट मोडली त्याचा फायदा बांधणाऱ्याला एकदाच आणि रोख मिळतो. तोटा मात्र रोज होतो, आणि तो वाटला जातो : दुकानदाराला, गिऱ्हाईकाला, एसटीच्या चालकाला, रुग्णवाहिकेला.

यात खेड्यावरचा माणूस सगळ्यात जास्त भरडतो. जानेफळ, देऊळगाव माळी, हिवरा आश्रम, शेलगाव देशमुख इकडून माणूस मेहकरला येतो तो मोटारसायकलवर, नाहीतर चार जण मिळून चारचाकीत. खत-बियाण्याच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन येतो. त्याची गाडी लागणार कुठे? रस्त्यावर. दंडाची पावती फाटणार कोणाच्या नावाने? त्याच्याच. ज्याने वाहनतळाचा गाळा केला त्याला पावती नाही. श्री बालाजीच्या दर्शनाला गर्दी झाली, किंवा गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार, मेहकर, जानेफळ करत शेगावकडे निघाली, की हा रस्ता किती उरतो ते सगळ्यांना माहीत आहे.

तळघर आणि जिना : इथे जीव जातो

वाहनतळ नसला तर खोळंबा होतो. तळघर आणि जिन्याची अट मोडली तर माणसे मरतात. हे आपल्या गावात झाले नाही म्हणून होणार नाही असे नव्हे.

दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरात २७ जुलै २०२४ रोजी एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. त्या तळघराला परवानगी वाहनतळ आणि सामान ठेवण्याची होती. तिथे चालत होती अभ्यासिका. अट कागदावर व्यवस्थित लिहिलेली होती. तळघरात कोण बसते हे बघायला कोणी गेले नव्हते. आज तालुक्याच्या गावांतही क्लासेस, अभ्यासिका, जिम निघत आहेत. आपली पोरे जिथे बसतात त्या खोलीला दुसरा दरवाजा आहे का, एवढे तरी आईबापाने बघावे.

राजकोटला २५ मे २०२४ रोजी पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या गेम झोनला आग लागली, २७ जण गेले. अग्निशमनचे ना हरकत प्रमाणपत्र नव्हते. नंतर महापालिकेच्या नगररचना अधिकाऱ्यालाही अटक झाली. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ जण मेले. गच्ची, पत्रा, ताडपत्री, एकच जिना. ही यादी वाचली की आपल्या ओळखीच्या दोन-तीन इमारती डोळ्यांपुढे येतातच.

महाराष्ट्रात यासाठी २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. जबाबदारी मालकाची आणि इमारत वापरणाऱ्याची. म्हणजे भाड्याने गाळा घेतलेल्या दुकानदाराचीही. भिंतीला लाल डबा टांगला म्हणजे झाले, असे नाही. तो शेवटचा कधी तपासला याची तारीख त्याच्यावर असते. ती वाचा.

पैनगंगा विसरून चालणार नाही

मेहकर पैनगंगेच्या काठावरचे गाव. जून २०२५ च्या शेवटी मेहकर-लोणार भागात झालेल्या अतिवृष्टीत नदी-नाल्यांनी काय केले ते शेतकऱ्यांनी भोगले. पेरलेले सोयाबीन मातीसकट गेले. शहरातल्या बांधकामाचा याच्याशी संबंध आहे. नदीच्या पात्रापासून निळ्या पूररेषेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपर्यंत, बांधकामाला मनाई असते. निळी आणि लाल रेषा यांच्यामध्ये अटी घालून मर्यादित बांधकाम. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी.

नाला बुजवून, त्याच्यावर स्लॅब टाकून वर दुकान काढले की पाणी थांबत नाही, ते बाजूला सरकते. शेतात बांध फोडला की पाणी शेजाऱ्याच्या वावरात जाते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. गावातही तेच आहे, फक्त तिथे सोयाबीनच्या जागी घरातले धान्य भिजते.

खरी गोम शेवटच्या कागदात

इतक्या अटी आहेत, मग अडते कुठे? माझ्या मते अटी कमी नाहीत, उलट भरपूर आहेत. त्या तपासायची वेळ चुकते.

परवानगीचे टप्पे साधे आहेत. आधी नकाशा मंजूर आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. ते एक वर्षापुरते, पुढे नूतनीकरण करून घ्यावे लागते. जोत्यापर्यंत काम आले की कळवायचे, म्हणजे मोजमाप नकाशाप्रमाणे आहे का ते बघता येते. काम पूर्ण झाले की पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. हे भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे नगर परिषदेने 'आम्ही जागेवर जाऊन बघितले, अटी पाळल्या आहेत, आता वापर करा' असे लेखी सांगणे.

छोट्या गावांत पहिला कागद मिळवायला सगळे धावतात, कारण त्याशिवाय बँक कर्ज देत नाही. शेवटचा कागद मागायला कोणी जात नाही, कारण त्याच्यावाचून काही अडत नाही. वीज मीटर मिळते, नळ मिळतो, घरपट्टी लागते, दुकान सुरू होते. आणि मग मालक घरपट्टीची पावती दाखवून सांगतो, 'भाऊ, नगर परिषद टॅक्स घेते ना, मग बेकायदेशीर कसे?' हा मोठा गैरसमज आहे. कर घेतला म्हणजे बांधकाम नियमित झाले असे होत नाही. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर शास्ती लागते, आणि ते अनधिकृतच राहते.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. प्रकरण मेरठच्या शास्त्रीनगरचे. राहण्यासाठी दिलेल्या भूखंडावर १९९० च्या सुमारास दुकाने बांधली गेली. नोटिसा निघाल्या, पुढे काही झाले नाही, वर्षे गेली. न्यायालयाने म्हटले की अधिकाऱ्यांची दिरंगाई किंवा बरीच वर्षे उलटली हे कारण बेकायदा बांधकामाला ढाल होऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते संकुल पाडले गेले. बावीस दुकाने होती. दुकानदार रस्त्यावर रडत उभे होते.

त्या निकालात साऱ्या देशासाठी सूचना आहेत. मंजूर नकाशाची प्रत बांधकामाच्या जागेवर लावायची. बांधकाम चालू असताना अधिकाऱ्यांनी वेळोवेळी पाहणी करून नोंद ठेवायची. भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला असल्याशिवाय वीज, पाणी, मलनिस्सारणाची जोडणी द्यायची नाही. अनधिकृत इमारतीत व्यवसायाचा परवाना द्यायचा नाही. बँकांनीही दाखला बघूनच इमारत तारण घेऊन कर्ज द्यायचे. चुकीचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करायची. आता आपल्या गावात चालू असलेल्या किती बांधकामांवर मंजूर नकाशा लावलेला दिसतो, हे ज्याने-त्याने जाता-येता मोजावे.

आणि दाखला दिला म्हणजेही संपले नाही. महाड आपल्यासारखेच नगर परिषदेचे गाव. तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली, १६ जण गेले. इमारत जुनी नव्हती, सात-आठ वर्षांची होती. गुन्हा बांधणाऱ्यावर, वास्तुविशारदावर दाखल झाला, तसाच नगर परिषदेचे तत्कालीन मुख्याधिकारी आणि अभियंत्यावरही झाला. सही करणाऱ्याने आणि सही करायला लावणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

गाळा घेणारा कोण?

आता आपल्या माणसाच्या खिशाकडे येऊ. समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेला. थेट खरेदीने जमिनी गेल्या, पैसा आला. काहींनी दुसरीकडे शेती घेतली, काहींनी घर बांधले, आणि काहींनी 'शेतीत काही राहिले नाही, पोराला गाळा घेऊन देऊ' म्हणून बाजारात पैसे घातले. तीन पिढ्यांच्या वावराची किंमत एका शटरमागे गेलेली असते. तो गाळा नकाशात वाहनतळ असेल तर? तो माणूस दुसऱ्यांदा भूमिहीन होतो, आणि या वेळी मोबदलाही नसतो.

म्हणून इसार देण्याआधी एवढे बघावे.

एक, मंजूर नकाशाची प्रत मागावी आणि आपला गाळा त्यात 'दुकान' म्हणून दाखवला आहे की 'पार्किंग', हे वाचावे. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर न थांबता नगर परिषदेत जाऊन ताडून बघावे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींना खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणीसुद्धा मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. फसले ते घेणारे.

दोन, भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सातबाऱ्याच्या भाषेत पाच आरपेक्षा, मोठा असेल आणि गाळे आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची नोंदणी लागते. रेरा फक्त फ्लॅटला नाही, दुकान, ऑफिस, गोदाम यांनाही आहे. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. चिठ्ठीवर लाखो रुपये देऊ नका.

तीन, रक्कम पूर्ण चुकती करण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र मागा. 'पुढच्या महिन्यात निघते' या उत्तरावर शेवटचा हप्ता देऊ नका.

चार, शहराच्या हद्दीबाहेर, रोडला लागून जागा किंवा गाळा घेत असाल तर ग्रामपंचायतीच्या ना हरकतीवर विसंबू नका. गावठाणाबाहेरच्या बांधकामाला महसूल आणि नगररचना विभागाचा रस्ता आहे. साब्रा-काब्रा भागात समृद्धीचे नवनगर प्रस्तावित झाल्यापासून तिकडचे भाव आणि बोलणी दोन्ही वाढली आहेत. तिथे नियोजनाचा अधिकार कोणाकडे आहे हे आधी विचारा, भाव नंतर.

बांधणाऱ्यांचीही बाजू आहे

सगळा दोष बांधकाम करणाऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. जुन्या बाजारपेठेतले भूखंड अरुंद, लांबट. समोर रस्ता लहान. तिथे नियमाप्रमाणे चारी बाजू सोडल्या आणि गाड्यांना जागा दिली तर बांधायला उरते ते खोपटे. छोट्या भूखंडवाल्याला शहराच्या नियमाचे पुस्तक दाखवले की तो परवानगीच्या भानगडीत न पडता रात्रीतून स्लॅब टाकतो. ऑनलाइन अर्जाची पद्धत आली, पण त्रुटी निघाली की माणसाला पुन्हा वास्तुविशारद आणि कार्यालय यांच्या मध्ये हेलपाटे. नगर परिषदेत तांत्रिक माणसे मोजकी, आणि तीच पाणीपुरवठा, रस्ते, घरकुल सगळे बघतात.

म्हणूनच माझे म्हणणे असे की नवीन अटी वाढवू नका. आहेत त्यातल्या थोड्या, पण जीवाच्या आणि रस्त्याच्या, त्या पक्क्या तपासा. जुन्या गावात जिथे खासगी वाहनतळ शक्यच नाही तिथे नगर परिषदेने सार्वजनिक वाहनतळ काढावा. पण नवीन, मोठ्या भूखंडावर, मोकळ्या रस्त्यावर होणाऱ्या संकुलाला ही सबब नाही. तिथे जागा आहे, पैसा आहे, वास्तुविशारद आहे. तिथे अट मोडते ती अडचणीने नव्हे, हिशेबाने.

नव्या सभागृहापुढचे काम

परवानगी देणे हे मुख्याधिकारी आणि नगररचनेचे काम, नगरसेवकांचे नाही. पण विचारणे हे नगरसेवकांचे काम आहे. पहिल्या वर्षात तीन गोष्टी झाल्या तरी बाजारपेठेचे चित्र बदलेल.

पहिली, दर महिन्याला दिलेल्या परवानग्या आणि भोगवटा प्रमाणपत्रांची यादी नगर परिषदेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे परवाने कोणाला दिले हे स्वतःहून जाहीर करायचेच आहे. लावली नाही तर दहा रुपयांच्या अर्जावर ती मागता येते, तीस दिवसांत द्यावी लागते.

दुसरी, प्रत्येक नव्या व्यापारी बांधकामावर मंजूर नकाशा मोठ्या फलकावर मराठीत : इतके गाळे, इतक्या दुचाकी, इतक्या चारचाकी, तळघर कशासाठी. लोकांना वाचता आले की अर्धी तपासणी लोकच करतात.

तिसरी, भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर नळ नाही, व्यवसायाचा परवाना नाही. महावितरणलाही तसे लेखी कळवावे. शटर उघडल्यावर कारवाई करायला गेले की पोटापाण्याचा प्रश्न येतो, मोर्चा येतो, पुढाऱ्याचा फोन येतो. शिवाय पाडायचे म्हटले तर सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे आधी किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे ऐकणे, सगळे करावेच लागते, आणि ते योग्यच आहे. म्हणून अडवायची वेळ शटर उघडण्याआधीची. विटा चढत असताना एक अभियंता एक चक्कर मारून जे थांबवू शकतो, ते दहा वर्षांनी जेसीबी आणि पोलीस बंदोबस्त घेऊनही नीट होत नाही.

शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागू नये. तण दोन पानांवर असताना काढले तर खुरप्याने निघते. फुलावर आल्यावर निघत नाही, आणि निघाले तरी पीक सोबत घेऊन निघते.